सासूबाईंनी डिस्क आखूड केली

"अगं, डिस्क आहे ती! पँट नाही, खालून दुमडून आखूड करायला!"

सासरे इतक्या जोरात ओरडले की मी हातातल्या उलथन्यासकट बाहेर धावले. सासूबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि टेप गळ्यात. रविवारीसुद्धा त्यांच्या गळ्यातला टेप उतरत नाही. सासऱ्यांच्या ओरडण्याचा त्यांच्यावर काहीच परिणाम दिसत नव्हता. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर तो होतही नसावा.

"पँट आखूड करताना तरी आपण कापतो कुठं?" त्या म्हणाल्या. "आत दुमडतो. पुढं पोर वाढलं की उसवायची, परत लांब. हेही तसंच असतं. मी व्हिडिओ पाठ होईस्तोवर बघितलाय."

"व्हिडिओ बघून कोणी पोहायला शिकतं का?"

"मी कुठं पोहायला निघालेय? जरा कडेला सरका म्हणतेय तुम्हाला."

मी गॅस बंद करून आले. असं भांडण दाराआडून ऐकण्यात मजा नसते.

आमच्याकडे कॉम्प्युटर एकच. बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीन आणि चपलांचं कपाट यांच्या मधे अंग चोरून उभा असलेला. त्याच्यावर विंडोज, आणि विंडोजमध्ये सासऱ्यांचा जीव. सासरे वायरमन. निवृत्त असं ते स्वतःला म्हणू देत नाहीत. या भागातली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि प्रत्येक घराचा नकाशा त्यांनी एका जुन्या प्रोग्राममध्ये काढून ठेवलेला. कुठल्या भिंतीतून कुठली वायर जाते, कुठं वळते, कुठं जोड आहे. आता शिडीवर चढायला त्यांना कोणी बोलवत नाही. पण भिंतीत खिळा ठोकण्याआधी लोक फोन करतात. सासरे नकाशा उघडतात, घसा साफ करतात आणि एखादा निकाल वाचून दाखवावा तसे सांगतात, "खिडकीच्या डाव्या बाजूला वीतभर सोडा. मग खुशाल ठोका." त्यानंतरचा तासभर त्यांची मान जरा ताठ असते.

त्या प्रोग्रामची सीडी मात्र घर बदलताना कुठं गडप झाली ती झालीच. तो बनवणारी कंपनीही आता नाही. म्हणजे या कॉम्प्युटरवरून तो गेला, की नकाशे असून नसल्यासारखे. कुलूप आहे, किल्ली नाही.

आणि सासूबाईंना हवी होती लिनक्स, विंडोजसारखीच पण वेगळी सिस्टीम, त्याच डिस्कवर शेजारी जागा करून बसवायची. त्यांना मापांवरून कपड्याचा खाका काढणारा एक प्रोग्राम सापडला होता, तो फक्त लिनक्सवर चालणारा. कुठल्याशा देशातली एक शिंपीण तो व्हिडिओत दाखवत होती, अगदी डिस्कवर जागा करण्यापासून. "तिची भाषा एक अक्षर कळत नाही," सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "पण हात कळतात." माप भरायचं, की खांदा, मुंढा, बाही, सगळ्या रेषा आपोआप पडद्यावर. नंतर कागदावर छापायच्या, कागद चिकटवायचे, कापडावर ठेवून कापायचं. खडूचं कामच नाही.

त्यांना प्रोग्राम का हवा होता ते याच शेवटच्या वाक्यात होतं.

सासूबाई साध्या कपड्यांच्या शिंपीण नव्हेत. ज्यांना दुकानातलं तयार काही बसत नाही ती माणसं त्यांच्याकडे येतात. एक हात आखूड असलेले, ऑपरेशन झालेले, एका बाजूला झुकलेले. लायब्ररीतल्या बाईंच्या पाठीला लहानपणापासून बाक आहे. त्यांचे सगळे कपडे शाळेपासून सासूबाईंच्या हातचे. पाठीचा बाक त्यात झाकला जातो असं नाही, पण कपडा त्याच्याशी भांडत नाही. मागच्या महिन्यात बाई कोटाचं कापड देऊन गेल्या. भारी होतं, लोकरी. सासूबाईंनी ते टेबलावर पसरलं, खडू घेतला आणि मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडायच्या जागेचं, वळण काढताना हात थरथरला. त्यांनी पुसून पुन्हा काढलं. पुन्हा थरथरला. मग कसं कोण जाणे, त्यांनी तशाच रेषेवरून कात्री चालवली. दोन्ही पुढचे भाग वाया.

मी घरी आले तेव्हा त्या ते दोन तुकडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी इतकी वर्षं या घरात आहे, त्यांनी कापड बिघडवलेलं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतःच बाईंना फोन केला. "माझ्या हातून बिघडलं," एवढंच म्हणाल्या. बाई दुसऱ्या दिवशी तसंच नवं कापड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कापायचं मात्र तुम्हीच." तेव्हापासून ते कापड कपाटात होतं आणि सासूबाई कपाट उघडत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, जाणार नाही, वाढतच जाईल. त्यावर घरात कोणी काही बोललं नव्हतं. आमच्या घरात अवघड गोष्टींवर बोलत नाहीत, खिळ्यांवर बोलतात.

माझा नवरा दूर नोकरीला असतो. तो फोनवरून म्हणाला, आईला लॅपटॉप घेऊन देऊ. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याला नको म्हणून सांग. हात किती दिवस चालणारेत माहीत नाही, आणि तेवढ्यासाठी नवीन मशीन? आहे त्यातच कोपरा मिळाला तर बघते."

तर हा तो कोपरा.

"माझे नकाशे गेले तर?" सासरे म्हणाले. "लोकांना काय सांगू? बायकोला शिवणकाम करायचं होतं म्हणून आता आंधळेपणानं ठोका खिळे?"

सासूबाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"अहो, माझा खडू सरळ चालत नाही. हे काय मी तोंडानं सांगायला पाहिजे तुम्हाला?"

सासऱ्यांनी टेबलावरचा स्टेपलर उचलला, उघडला, बंद केला.

"किती जागा लागेल?" त्यांनी विचारलं.

"चाळीस जीबी."

"हं. आधी नुसतं बघू. हात कोणी लावायचा नाही."

बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर असते. म्हणजे आठ तास एकाच प्रोग्राममध्ये, एकाच रकान्यात आकडे भरते. पण घरच्यांना ते माहीत नाही आणि मीही कधी सांगायला गेले नाही. आधी मी सासऱ्यांचे सगळे नकाशे पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. किल्ली नाही तर नाही, कुलूप तरी राहू दे. मग सासूबाईंनी त्या व्हिडिओत पाहिलेली जागा सांगितली आणि मी ती उघडली. पडद्यावर एक लांबलचक निळी पट्टी आली.

"ही काय?" सासरे पुढं वाकले.

"ही आपली डिस्क, बाबा. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"सगळी माझी?" त्यांचा आवाज एकदम बदलला. नकाशा पाहिला की या माणसाचं असंच होतं.

"सगळी. पण भरलेली निम्म्याहून कमी."

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "निम्मं घर रिकामं पडलंय आणि मला कोपरा मिळेना."

मी पट्टीवर क्लिक करून आखूड करण्याचा पर्याय निवडला. कॉम्प्युटरनं जरा विचार केला आणि उत्तर दिलं. तीन जीबी. त्याहून जास्त देता येणार नाही.

"तीन?" सासूबाईंचा चेहरा पडला. "व्हिडिओत तिला तर भरपूर मिळाली."

"रिकामी आहे ना? मग देत का नाही?" हे सासरे विचारत होते! मघाशी हात लावू देत नव्हते, आता कॉम्प्युटरच्या कंजूषपणाचा त्यांना राग आला होता.

मी वाचून सांगितलं, की जागा आहे, पण पट्टीच्या पार शेवटी कुठलीतरी फाइल बसलीय आणि ती हलवता येत नाही. पट्टी आखूड होते ती शेवटाकडून, त्यामुळे तिच्यापर्यंत येऊन थांबते.

"म्हणजे हॉल सगळा रिकामा," सासरे सावकाश म्हणाले, "पण शेवटच्या रांगेत कोणीतरी बसलंय, आणि ते उठत नाही म्हणून हॉल बंद करता येत नाही."

"अगदी तसंच."

"मग तो कोण ते शोधायला पाहिजे." त्यांनी खिशातून टेस्टर काढला. कॉम्प्युटरला टेस्टर लावायचा नव्हता, पण फॉल्ट शोधताना तो हातात असल्याशिवाय त्यांचं डोकं चालत नाही. "सरक गं जरा. फॉल्ट शोधायची रीत एकच. एकेक सर्किट बंद करायचं आणि बघायचं. कोण कोण उठत नाही म्हणतंय?"

सासूबाईंना व्हिडिओखालच्या प्रश्नोत्तरांमुळे संशयितांची नावं ठाऊक होती. पहिला संशयित म्हणजे कॉम्प्युटर झोपवला की त्याच्या डोक्यातलं सगळं ज्यात ठेवलं जातं ती फाइल. आम्ही ते झोपणंच बंद केलं. पुन्हा विचारलं. अकरा!

"हलला!" सासऱ्यांनी टेबलावर थाप मारली. "पुढचा!"

दुसरा, काही बिघडलं तर मागं जाता यावं म्हणून जपून ठेवलेल्या जुन्या खुणा. त्या पुसल्या. सतरा. सासूबाई टेपचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. सासरे टेस्टर नाचवत होते. रोज आठ तास मी जे आकडे भरते त्यातला एकही कधी असा वाढताना पाहून मला टाळी वाजवावीशी वाटली नाही.

तिसरा, मेमरी कमी पडली तर वापरायला म्हणून राखून ठेवलेली जागा. ती बंद करून कॉम्प्युटर परत चालू करावा लागला. तेवढा वेळ तिघंही काळ्या पडद्याकडे तोंड करून बसलो. पट्टी आली. मी क्लिक केलं.

"किती? किती?"

"चौसष्ट!"

"आई शप्पत!" हे माझे पासष्टीपुढचे सासरे. "हाच तो शेवटच्या रांगेतला! नुसता राखीव म्हणून बसला होता फुकट्या!"

सासूबाई हसत होत्या. महिनाभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं हे मला ते हसू पाहिल्यावर कळलं.

"चाळीसच टाक," त्या म्हणाल्या. "त्यांच्या बाजूला माया राहू दे भरपूर. अगदी अंगाला घट्ट नको. उद्या त्यांनी आणखी दहा घरं आत घातली तर शिवण उसवायची."

मी चाळीस टाकले. सासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तिलाच दाबू दे." सासूबाईंनी उजवा हात डाव्या हातानं धरला आणि बटण दाबलं.

पडद्यावर काही हललं नाही. नुसतं चाक फिरत राहिलं. व्हिडिओतल्या बाईनं इथं बोट ओठांवर ठेवलं होतं, म्हणजे गप्प बसा, आता मधे काही करू नका. आम्ही गप्प बसलो.

आणि सासऱ्यांचा फोन वाजला.

कोपऱ्यावरचा बेकरीवाला होता. त्याच्या भट्टीच्या खोलीत स्विचबोर्डामागून जळका वास येत होता, भिंत गरम लागत होती. "मेन बंद कर आधी!" सासरे ओरडले. "कुठला मेन म्हणजे? दोन आहेत? हात लावू नकोस कशालाही, आलो मी!" त्यांनी टेस्टर खिशात टाकला, पक्कड घेतली, चपला पायात सरकवल्या, दार उघडलं. आणि दार ओलांडताना उजवा हात वर नेऊन घराचा मेन स्विच खाली ओढला.

टक्.

हे ते चाळीस वर्षं करत आलेत. एकदा कुणाच्या तरी बंद घरात लागलेली आग त्यांनी पाहिली होती. तेव्हापासून घरातून बाहेर पडताना मेन बंद. घरात माणसं असली तरी हात आपला वर जातोच. मग आम्ही ओरडतो, "आम्ही आहोत हो आत!" ते जीभ चावून परत चालू करतात. या घरातला तो रोजचाच विनोद होता.

पंखा मंद होत होत थांबला. पडदा काळा झाला. खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे बाकी खोली होती तशीच दिसत होती. बॅकअपची बॅटरी कधीच मेली होती. गावाची वीज सांभाळणाऱ्याच्या घरात ती बदलायची राहूनच गेली होती.

कोणी ओरडलं नाही. सासऱ्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. मग काळ्या पडद्याकडे. मग आपल्या हाताकडे. तो अजून स्विचवरच होता.

"मी कधी कुणाच्या घरची लाइट न सांगता बंद केली नाही," ते म्हणाले. "कधी नाही."

फोन परत वाजायला लागला. ते तसेच उभे.

"अहो, तुम्ही जा," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, माझं सगळं..."

"तिथं आग लागेल. इथं लागून लागून काय लागणार आहे? जा."

ते गेले. जिना उतरताना कठडा धरत होते, ते मला खिडकीतून दिसलं.

सासूबाईंनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि स्वतः मेन वर केला. हात थरथरत होता, पण स्विचला लागतो तेवढा जोर त्याच्यात होता. मी कॉम्प्युटर चालू केला. काळ्यावर पांढरी अक्षरं आली. डिस्क तपासतो आहे, बंद करू नका. पुढं टक्का. तो अगदी गोगलगायीसारखा सरकत होता.

"गेलं असेल तर ते काही बोलणार नाहीत," सासूबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तेच वाईट. ओरडले तर मी उलट बोलेन तरी. नाही ओरडायचे. फोन आला की फक्त म्हणतील, आता ते काम बंद केलं मी." मग जरा थांबून म्हणाल्या, "मीच कशाला काढलं हे? गप बसले असते तर काय बिघडत होतं?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अशी सवय आमच्या घरात नाही, त्यामुळे दोघीही जरा अवघडलो.

टक्के शंभर झाले. पडदा पुन्हा काळा. मग विंडोजचं नेहमीचं चित्र. मी सासऱ्यांचा प्रोग्राम उघडला. तो नेहमीच उशिरा उघडतो, पण आज त्यानं अंत पाहिला. मग खिडकी आली, यादी आली, आणि पहिलाच नकाशा आमच्या घराचा. लाल, निळ्या, हिरव्या रेषा भिंतींमधून चाललेल्या. मी दुसरा उघडला. तिसरा. बेकरीचा उघडला. सगळे जिवंत!

"आहे, आई! सगळं आहे!"

सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

मी निळी पट्टी काढून पाहिली. ती होती तेवढीच लांब. म्हणजे आखूड व्हायच्या आतच वीज गेली होती आणि कॉम्प्युटरनं आपलं सगळं परत पूर्वीच्या जागी लावलं होतं. "आता करून टाकू का?" मी विचारलं. "बाबा यायच्या आत. आता मेन बंद करायला कोणी नाही."

"नको," त्या म्हणाल्या. "त्यांची डिस्क आहे. ते नसताना नाही."

सासरे परत आले तेव्हा हात काळे होते आणि अंगाला जळक्या रबराचा वास येत होता. पडद्याकडे न बघता ते सरळ मोरीत गेले. पाणी बराच वेळ वाजत राहिलं.

"बेकरी?" सासूबाईंनी विचारलं.

"वाचली. जोड ढिला झाला होता, आत भिंतीत." ते टॉवेलला हात पुसत दारात थांबले. "त्यानं विचारलं, नकाशा नाही आणलात का? म्हटलं, नाही. मग डोळे मिटून उभा राहिलो जरा. आठवली भिंत. म्हटलं, आता असंच भागवायला लागणार."

"इकडं या."

"कळलंय मला. असू दे."

"अहो, इकडं या म्हणते ना!"

ते आले. पडद्यावर बेकरीचा नकाशा होता. ते बघतच राहिले. मग माउस धरला आणि एकेक घर उघडायला लागले. डॉक्टरांचं घर. शाळा. पोस्ट. सलूनवाल्याचं दुमजली घर. आम्ही त्यांना घाई केली नाही. शेवटी ते खुर्चीवरून उठले.

"मग बसून काय राहिलात अजून? करायचं नाही का?"

त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलली, दाराशी नेली आणि मेन स्विचखाली भिंतीला टेकवून तिच्यावर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"बसलोय मी इथं. आता बेकरी जळाली तरी उठत नाही. कर."

सासूबाईंनी पुन्हा बटण दाबलं. चाक फिरलं. आणि पट्टी तुटली! डावीकडे निळी, उजवीकडे एक छोटा काळा तुकडा.

"झाली?" दारातून आवाज.

"झाली, बाबा! आखूड झाली!"

"माझं नीट आहे?"

"नीट आहे!"

"काळी ती माझी?" सासूबाईंनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी बोटानं पडद्यावर त्या तुकड्याच्या कडेकडेनं रेघ ओढली, कापड किती आहे ते चाचपावं तशी.

मग लिनक्सचा पेनड्राइव्ह. तो सासूबाईंनी आठवडाभर आधीच तयार करून बटणांच्या डब्यात ठेवला होता. म्हणजे सासऱ्यांनी किती आरडाओरडा केला असता तरी बेत पक्का होता! कॉम्प्युटर त्यावरून चालू झाला. नवीनच रंग, नवीनच अक्षरं. प्रश्न येत होते, मी धडाधड पुढं पुढं करत होते. भाषा, वेळ, पुढं. एक लांबलचक प्रश्न आला, मी सवयीनं एंटरकडे बोट नेलं आणि सासूबाईंनी माझं मनगट पकडलं.

"वाच आधी."

मी वाचलं. सगळी डिस्क पुसून त्यावर लिनक्स बसवायची, असं तिथं लिहिलं होतं, आणि तोच पर्याय आधीपासून निवडलेला होता. मी बोट झटकन मागं घेतलं.

"काय झालं? एकदम गप्प का झालात?" दारातून आवाज.

"काही नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "माप परत घेतोय."

आम्ही खालचा पर्याय निवडला, काळा तुकडा दाखवला, आणि एंटर त्यांनीच दाबलं. मग पट्टी भरायला लागली. सासरे खुर्चीवरून दर मिनिटाला विचारत होते, किती झालं? आणि मी सामन्यातला स्कोअर सांगावा तशी ओरडून सांगत होते. जेवायचं राहिलंच होतं. कुणाला आठवलंही नाही.

कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला तेव्हा पडद्यावर दोन नावं होती, एकाखाली एक. कुणाकडे जायचं ते विचारत होता. सासरे हात मांड्यांखालून काढून आले. आधी त्यांचं उघडून दाखवलं. बेकरी होती. मग बंद करून सासूबाईंचं उघडलं. तो खाक्यांचा प्रोग्राम घालून होईपर्यंत सावल्या लांब झाल्या होत्या.

सासूबाईंनी लायब्ररीतल्या बाईंची मापं तोंडपाठ भरली. डावा खांदा, उजवा खांदा. पाठ, वरपासून बाकापर्यंत, आणि बाकापासून खाली. माउस त्यांच्या हातात नाचत होता, म्हणून तो त्यांनी बाजूला सारला आणि सगळं आकड्यांनी टाइप केलं, एकेका बोटानं. चुकीचा आकडा पडला तर पुसायचा, परत टाकायचा. आकडा थरथरत नाही. शेवटचं माप टाकल्यावर पडद्यावर मुंढ्याचं वळण उमटलं. खांद्यावरून खाली उतरलेलं, काखेत वळलेलं, एका दमात काढल्यासारखं.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"काढला," त्या म्हणाल्या. "काढला मी मुंढा."

सासरे उगीचच प्रिंटरचा कागद नीट करायला लागले.

कागद छापले, कडा जुळवून चिकटवले. चिकटवायला मी आणि सासरे जमिनीवर बसलो होतो, आणि मी तिरकं चिकटवलं म्हणून त्यांनी मला दोनदा परत लावायला लावलं. मग सासूबाईंनी कपाट उघडलं. लोकरी कापड टेबलावर पसरलं, त्यावर खाका, खाक्यावर वजनं. मोठी कात्री घेतली. कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकलेलं असतं, त्यामुळे तिथं हाताला आधार मिळतो. खडूला तो नव्हता. त्या कागदाच्या कडेनं कापत निघाल्या. खोलीत फक्त कात्रीचा आवाज.

सासरे कॉम्प्युटरसमोर बसून पट्टीकडे पाहत होते. निळी लांब आणि शेजारी सासूबाईंचा तुकडा.

"एवढीशीच घेतलीस?" ते म्हणाले. "चौसष्ट देत होता की तो. माझ्याकडं नुसती रिकामी पडलीय."

"पुरे मला."

"पुरे कशी? अर्धी घ्यायची."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही?" सासूबाई कापता कापताच म्हणाल्या. "वर्ष, फार तर दोन वर्षं. मग कात्रीही धरवणार नाही. तेवढ्याला चाळीस म्हणजे खूप झाली."

ही गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी मोठ्यानं बोललं होतं. मला कुठं बघावं कळेना. सासऱ्यांनी खिशातला टेस्टर काढला, त्याची टोपी फिरवून घट्ट केली, सैल केली, परत घट्ट केली. मग माझ्याकडे वळले.

"हे नंतर वाढवता येतं का गं?"

"येतं, बाबा. तुमच्याकडचं आणखी थोडं आखूड करून."

"मग आज एवढंच राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी वाढवू."

सासूबाईंनी मान वर केली नाही. कात्री मुंढ्याच्या वळणावर आली होती, आणि तिथं नजर काढून चालत नाही.